चार उरले, पण कसे उरले?

पंक्चर झालेले चाक काढताना पान्याखाली टक्कन आवाज येतो, पाना एकदम हलका फिरतो आणि नटासकट बोल्टचा तुकडा हातात येतो. पाच बोल्टच्या गाडीला आता चार उरले. पुढे काय करायचे, याबद्दल रस्त्यावर दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, उरलेले चार घट्ट आवळा आणि चला, बाकीचे गावी पोचल्यावर सवडीने बघू. दुसरे म्हणते, गाडी फार तर जवळच्या गॅरेजपर्यंत न्या आणि तिथे त्या चाकाचे सगळेच बोल्ट बदला. पहिले मत अडाणीपणाचे मुळीच नाही. त्याच्या पाठीशी वर्षानुवर्षांची ड्रायव्हिंग आणि रोजच्या पोटापाण्याचा हिशेब आहे. म्हणून ते इथे एका टूरिस्ट टॅक्सीच्या चालकाच्या तोंडी घातले आहे. दुसरी बाजू लेखकाची.

चालक : साहेब, एका बोल्टपायी गाडी उभी करायची म्हटलं तर धंदा कसा व्हायचा? वॅगन-आर जन्मभर चार बोल्टवरच पळते. माझ्या सात सीटरला पाच आहेत. एक गेला तर चार राहिले, म्हणजे वॅगन-आरच्या बरोबरीला आलो. कंपनी काय अगदी मापात माप देत नाही, थोडं जास्तीचंच देते. उरलेले चार मी पान्यावर उभा राहून असे आवळतो की चाक जागचं हलायचं नाही. कोकणात, घाटात अशा गाड्या कित्येक जण चालवतात. तुम्ही मंडळी उगाच घाबरवता.

लेखक : दादा, बरोबरीचा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. एक तर वॅगन-आर तुमच्या गाडीपेक्षा बरीच हलकी. दुसरं म्हणजे तिचे चार बोल्ट एकमेकांपासून सारख्या अंतरावर, काटकोनात बसवलेले असतात. तुमच्या पाचांमध्ये ७२ अंशांचं अंतर आहे. त्यातला एक गेला की एका बाजूला १४४ अंशांची मोकळी जागा पडते आणि चाक त्या बाजूला हबवर नीट दाबलं जात नाही. पण खरा मुद्दा याहून खोल आहे. आपल्याला वाटतं की चाक बोल्टवर टांगलेलं असतं, खुंटीवर टोपी असावी तसं. प्रत्यक्षात बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबातून जे घर्षण तयार होतं, ते चाकाला धरून ठेवतं. १२ मिलिमीटरचा बोल्ट १०० न्यूटन-मीटर टॉर्कला आवळला, तर तो साधारण ४.२ टनांचा दाब देतो. पाचांचे मिळून २१ टन. आता करकचून ब्रेक लागला, असं धरा. भरलेल्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर टायरच्या कडेला सुमारे ४५० किलोचा जोर येतो. टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर आणि बोल्टच्या वर्तुळाची पावणेसहा, म्हणजे तोच जोर हबपाशी सव्वापाच-साडेपाच पट होऊन २.४ टनांवर जातो. लोखंडावर लोखंडाचं घर्षण ०.१५ धरलं, तर पाच बोल्ट ३.१ टनांपर्यंत चाकाला सरकू देत नाहीत. चार बोल्टवर ती मर्यादा २.५ टनांवर येते. हिशेब ढोबळ आहे, पण कंपनीने जे जास्तीचं दिलं म्हणता, ते एका बोल्टबरोबर जवळजवळ सगळं निघून जातं, एवढं त्यातून दिसतं.

चालक : मग मी म्हणतो तेच झालं की. एक कमी पडला तर उरलेले जास्त आवळायचे, दाब भरून निघतो. आणि ढिलं राहण्यापेक्षा जास्त घट्ट झालेलं केव्हाही बरं.

लेखक : बोल्ट तुटण्याचं मूळ बऱ्याचदा याच समजुतीत असतं. गाडीबरोबर येणारा पाना साधारण ३० सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या टोकाशी ३३-३४ किलोचा जोर दिला की १०० न्यूटन-मीटर होतात. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना ८५ ते १२० एवढाच टॉर्क सांगितलेला असतो. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की २०० च्या वर जातो. पान्यात मीटरभर लांबीचा पाइप घातला आणि तिकडे नुसता ४० किलोचा जोर लावला, तरी ४०० च्या आसपास. आता बोल्टला काय सोसतं ते बघा. चाकाला वापरतात तो १०.९ दर्जाचा पोलादी बोल्टही साधारण साडेआठ टनांच्या ताणाला पोचला की कायमचा लांबतो, सोडल्यावर मूळ लांबीला परत येत नाही. पान्यावर उभं राहिलं की आपण नेमके तिथे पोचतो. पुढच्या वेळी तोच बोल्ट पुन्हा तसाच आवळला जातो आणि आणखी थोडा लांबतो. आट्यांच्या मुळाशी तो बारीक होतो, तिथे चीर धरते, आणि कधीतरी सोडताना किंवा आवळताना तिथूनच तुटतो. टायरवाल्याची एअर गनही शेवटपर्यंत दाबून धरली तर हेच काम करते, फक्त तिथे कुणाला जोर लावावा लागत नाही, म्हणून ते जाणवत नाही. तेव्हा एक तुटल्यावर उरलेले जास्त आवळणं म्हणजे ज्या कारणाने पहिला गेला, तेच कारण उरलेल्या चौघांवर दुप्पट लादणं.

चालक : साहेब, वीस-वीस वर्षं चाकं काढली-घातली की हाताला कळतं किती झालं ते. आणि तुमचा टॉर्क रेंच तरी काय मोजतो? नट फिरवायला किती जोर लागला, एवढंच ना? आत बोल्टने किती दाब धरला, हे त्यालाही दिसत नाही. म्हणजे तो आणि माझा हात सारखेच आंधळे.

लेखक : हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आपण लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे दहावा भागच बोल्टला ताण देतो. बाकीचा नटाच्या बुडाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. गंजलेल्या आट्यावर पाना १०० ला अडला, तरी आत दाब निम्मादेखील नसेल. आट्याला ग्रीस लावलेलं असलं, तर त्याच १०० ला बोल्ट दीडपट ताणला जाईल. बोल्ट मोडू नये म्हणून आट्याला ऑइल चोपडणारे इथेच फसतात. गंजलेला नट सोडताना गंज सोडवणारा फवारा मारावा, थोडा वेळ मुरू द्यावा, पण आवळण्याआधी आटे पुसून कोरडे करावेत. कंपनीने टॉर्कचा आकडा बहुधा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, आणि गाडीच्या पुस्तिकेत वेगळं काही सांगितलं असेल तर तेच खरं. तेव्हा अंधार दोन प्रकारचा आहे. जोर किती लावला हे माहीत नसणं हा एक, आणि त्यातला बोल्टपर्यंत किती पोचला हे माहीत नसणं हा दुसरा. टॉर्क रेंच पहिला घालवतो, तारेचा ब्रश आणि फडकं दुसरा बराचसा कमी करतात. अनुभवी हाताकडे दोन्ही शिल्लक राहतात. शिवाय थकवा, पाऊस, पान्याची लांबी आणि गिऱ्हाइकाची घाई यांनी हाताचा अंदाज रोज बदलतो, रेंचचा आकडा बदलत नाही. पाच नट सारखे आवळले जाणं हे एकेक नट किती घट्ट आहे याइतकंच महत्त्वाचं असतं, आणि सारखेपणा ही तर हाताला सगळ्यात कमी जमणारी गोष्ट.

चालक : ठीक आहे, आवळण्याचं मानलं. पण तुटला तो एकच तुटला. कदाचित त्यालाच गंज असेल, त्याचेच आटे मारले गेले असतील. चार धडधाकट बोल्ट फेकून नवे घालायचे, ही गॅरेजवाल्यांची धन झाली.

लेखक : एकच तुटला हे दिसतं, पण पाचही जण एकाच हाताखालून, त्याच पाइपखालून, त्याच पावसातून गेलेले असतात. एक आधी तुटला याचा अर्थ बाकीचे ठणठणीत आहेत असा होत नाही, त्यांचा नंबर अजून लागलेला नाही एवढाच होतो. तरीही अंदाजावर भांडायचं कारण नाही, तुटलेला तुकडाच विचारता येतो. तो उजेडात धरून त्याचं तोंड बघा. सगळं तोंड ताजं, चकचकीत आणि एकसारखं असेल, तर तो त्याच क्षणी जोरामुळे गेला. तोंडाचा एखादा भाग काळपट, गुळगुळीत, अर्धचंद्रासारख्या बारीक रेषांचा आणि उरलेला खडबडीत असेल, तर चीर कितीतरी आधीपासून वाढत होती आणि शेवटचा जोर फक्त निमित्त झाला. अशा चिरा वारंवार येणाऱ्या ताणाने वाढतात, हे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं. एका वेळी सहज सोसेल एवढाच ताण लाखो वेळा आला की पोलाद तुटू शकतं. आता उरलेले बोल्ट बघा. नट बोटांनी फिरवून तळापर्यंत जायला हवा. मध्येच अडकत असेल, तर आटे ताणले गेलेत किंवा मार खाल्लेत. नवा बोल्ट जुन्याच्या शेजारी आट्यात आटे घालून धरा. मध्ये फट दिसली, तर जुना लांबलेला आहे. पण या परीक्षेत नापास झालेला टाकायचा हे पक्कं सांगता येतं, पास झालेला ठेवायचा हे मात्र तितकं पक्कं नाही, कारण केसाएवढी चीर नटाला कळत नाही. म्हणून मालट्रकांच्या देखभालीत दंडक रूढ आहे : एक बोल्ट तुटला तर दोन्ही बाजूंचे शेजारी बदलायचे, दोन किंवा अधिक तुटले तर त्या चाकाचे सगळे. मोठ्या ट्रकला बहुधा दहा बोल्ट असतात, म्हणून तिथे शेजाऱ्यांवर भागतं. पाच बोल्टच्या गाडीत एक तुटला आणि दोन शेजारी बदलले, की जुने दोनच उरतात. त्या दोघांसाठी पुन्हा चाक उघडायचा धोका घेण्यात शहाणपण नाही.

चालक : हे गॅरेजमध्ये बसून सांगणं सोपं आहे. मुंबई-गोवा रस्त्यावर रात्री साडेअकराला, धो धो पाऊस, गाडीत म्हातारी माणसं आणि लेकरं. बाजूने ट्रेलर सुसाट चाललेत. टोइंगवाला दोन तासांनी येणार, तोही तोंडाला येईल ते पैसे सांगणार. तिथे थांबणं धोक्याचं की चार बोल्टवर चालणं धोक्याचं? बोला.

लेखक : तिथे थांबणं जास्त धोक्याचं असू शकतं, हे मान्य. अंधारात, वळणावर, रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रेलरला दिसेलच असं नाही. म्हणून ‘अजिबात हलू नका’ असा सरसकट नियम मी सांगणार नाही. पण हलणं आणि प्रवास पुढे चालू ठेवणं यांत फरक आहे. पाच किंवा सहा बोल्टच्या गाडीचा एकच तुटला असेल, बाकीचे नट हाताने सरळ बसत असतील, चाक हबवर सपाट टेकलं असेल आणि चाकातली भोकं लांबोडकी झालेली नसतील, तर सावकाश, ब्रेक हलका ठेवून, जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जावं. निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर आणि मग अधूनमधून थांबून नट तपासावेत. चार बोल्टच्या गाडीचा एक गेला असेल, दोन तुटले असतील, घाट उतरायचा असेल किंवा गाडी भरलेली असेल, तर सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे सुरक्षित उभं करावं, इंडिकेटर चालू ठेवून त्रिकोण मागे लांब ठेवावा आणि मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनी त्यासाठीच आहे. ‘इथून सुरक्षित जागी’ एवढाच त्या चार बोल्टवर आपला हक्क. ‘गावी पोचल्यावर बघू’ यात तो हक्क ओलांडला जातो, कारण ढिलं पडणं हळूहळू होत नाही. दाब घर्षणाला पुरेनासा झाला की चाक हबवर अगदी किंचित, डोळ्यांना न दिसेल इतकं, आडवं सरकायला लागतं. अशा आडव्या हालचालीने नट आपोआप उलटा फिरतो, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, आणि नट-बोल्टची ढिलाई तपासणारी चाचणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एक नट सुटला की दाब आणखी घटतो, म्हणून दुसरा आणखी लवकर सुटतो. पहिले पन्नास किलोमीटर काही झालं नाही, ही पुढच्या पन्नासांची हमी होत नाही.

चालक : समजा, पोचलो गॅरेजला. तिथला मिस्त्री म्हणतो, मोडका ठोकून काढतो, नाहीतर वेल्डिंग मारून देतो, अर्ध्या तासात मोकळे. कमी पैशांत होत असेल तर वाईट काय?

लेखक : ठोकून काढण्यात फार वाईट नाही, वेल्डिंगमध्ये आहे. मारुती, ह्युंदाई, महिंद्रा यांच्या बहुतेक गाड्यांत बोल्ट मागून हबमध्ये दाबून बसवलेला असतो. त्याच्या मानेवरचे बारीक दाते हबच्या भोकात रुततात, म्हणून नट फिरवताना तो स्वतः फिरत नाही. चाक काढून पुढे कॅलिपर आणि डिस्क, किंवा मागे ड्रम, बाजूला केला की मोडका बोल्ट मागे काढता येतो. हातोडा मारायचा तर बेतानेच, कारण ते घाव हबच्या बेअरिंगला बसतात. शक्य असेल तिथे प्रेस किंवा ओढून काढणारं साधन बरं. नवा बसवताना त्यावर जाड वॉशर आणि एक जुना नट चढवून तो आत ओढून घ्यायचा, बुड हबला पूर्ण टेकलं आहे ना ते बघायचं आणि तो नट फेकून द्यायचा. स्कोडा आणि फोक्सवॅगन गाड्यांत उलट असतं. तिथे बोल्ट बाहेरून हबमध्ये फिरवतात. त्याचं डोकं तुटलं की ताण संपतो, म्हणून चाक निघाल्यावर उरलेला तुकडा कधीकधी पक्कडीनेच फिरून बाहेर येतो. नाही आला तर मधोमध ड्रिल करून उलट्या आट्याच्या साधनाने काढतात. त्यात हबचे आटे बिघडले, तर हबच बदललेला बरा. वेल्डिंग मात्र कुठल्याच प्रकारात नको. बोल्टला ताकद दिलेली असते ती विशिष्ट तापमानाला तापवून, विशिष्ट रीतीने थंड करून. वेल्डिंगच्या उष्णतेने ती जाते. बोल्ट कुठे मऊ होतो, कुठे ठिसूळ, आणि बाहेरून धडधाकट दिसतो. नटाचं बूडही जुळायला हवं. काही गाड्यांचं तिरकं असतं, होंडासारख्यांचं गोल. कंपनीच्या रिमचा नट बाजारातल्या अलॉयला, किंवा उलट, चालेलच असं नाही. पैशांचं म्हणाल, तर पाच बोल्ट-नटांचा संच टायरच्या किमतीपुढे किरकोळ ठरतो. खर्च मजुरीचा असतो, आणि एक बदलायला जेवढं उघडावं लागतं, तेवढंच पाच बदलायला.

चालक : म्हणजे शेवटी भुर्दंड गाडीवाल्यालाच. गन मारून बोल्ट ताणला टायरवाल्याने, आणि पैसे भरायचे आम्ही.

लेखक : ही तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय टायरवाल्याच्या दुकानातच आहे. गनने नट फक्त बसवायचे, शेवटची आवळणी गाडी खाली उतरवून टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने करायची, हे गिऱ्हाइकाने सांगितलं पाहिजे आणि उभं राहून बघितलं पाहिजे. नवं चाक चढवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने नट पुन्हा तपासायचे, कारण रंग, गंज आणि धूळ दबून दाब थोडा उतरतो. नट सोडताना गाडी जमिनीवर असतानाच पहिला झटका द्यायचा, मगच जॅक लावायचा. यातलं काहीही महाग नाही. पण बोल्ट तुटल्यानंतर जबाबदारी बदलते, दादा. तोपर्यंत आत काय चाललंय हे तुम्हाला दिसत नव्हतं. तुटलेला तुकडा हातात आल्यावर दोष माहीत झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १९० वं कलमही हेच धरून चालतं. धोका होईल असा दोष माहीत असताना, किंवा साध्या काळजीने कळला असता अशा दोषासह, गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणं हा त्यानुसार गुन्हा आहे. ताणलेला बोल्ट टायरवाल्याची चूक असेल, ती त्याच्याकडून भरून घ्यायला जरूर भांडा. पण तो ताणलेला आहे हे कळल्यावर त्याच्यावर भरवसा ठेवून पुढचे शंभर किलोमीटर काढायचे की नाही, हा निर्णय स्टिअरिंगवर बसलेल्याचा असतो. म्हणून मोजायचंच असेल तर किती उरले हे नको. त्यांनी किती सोसलंय, हे विचारा. त्याचं खात्रीचं उत्तर मिळत नसेल, तर पाचही बदला.

चालक : पाचही बदलतो. पण टायरवाल्याकडे टॉर्क रेंच नसला, तर मी स्वतःचा घेऊन जाणार, आणि त्याला तोंडावर सांगणार, शेवटची आवळणी माझी.